गच्चीवरूनही जमतं की!
आकाशाचे फोटो काढण्यावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय, मुंबईतून तेजोमेघांचे (अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगांचे) फोटो निघतच नाहीत, शहराबाहेरची, अंधाऱ्या आकाशाची वांगणी गाठावीच लागते. अर्धंच पटलं. मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून (सेक्रेटरींकडून चावी मिळवणं हाच खरा छंद!) मृगातला एम ४२ हा तेजोमेघ मी तीन हिवाळे टिपतोय. ड्युअल नॅरोबँड फिल्टर हायड्रोजनचा ६५६.३ आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तेवढा आत सोडतो, दिव्यांचा बराचसा उजेड बाहेर राहतो. दीर्घिकांना मात्र हा उपाय फारसा लागू पडत नाही, कारण त्यात ताऱ्यांचा सगळ्या रंगांत पसरलेला प्रकाश. तिथे वांगणीच.

फ्लॅट फ्रेम्स (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो, ज्यांच्या मदतीने धुळीचे डाग दुरुस्त करता येतात) मात्र लेखात एका ओळीत उरकल्यात, ते खटकलं. पहिल्या वर्षी मी त्या घेतल्याच नव्हत्या. १२० फ्रेम्स स्टॅक करून (एकावर एक रचून) अंधुक भाग उजळायला कर्व्ह ताणला, तर तेजोमेघाशेजारी धुळीच्या कणाचं काळपट कडं, थेट मेदूवडा! आता पहाटेच्या उजेडात दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा बनियन सुरकुती न पडता ताणून बसवतो आणि फोकस, कॅमेरा काही न हलवता ३० फ्लॅट्स घेतो. आणि हो, फोटोतला नॉइज (रवाळपणा) निम्मा करायचा तर फ्रेम्स चौपट लागतात, दुप्पट नव्हे.