बॅटरीचं माहेरपण

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या कॅम्पर ट्रेलरमध्ये एकूण 11 रात्री झोपलो. त्याच्या बॅटरीची सेवा मात्र नोव्हेंबर ते एप्रिल. ट्रेलर घेताना हा हिशेब कोणी सांगितला नव्हता.

पहिल्या हिवाळ्यात मी बॅटरी ट्रेलरमध्येच राहू दिली. सगळे दिवे बंद केले, दोनदा तपासले. पण आत गॅसगळती हुंगणारं एक यंत्र होतं, थेट बॅटरीला जोडलेलं. आत माणूस नाही, सिलिंडर बंद, बाहेर फूटभर बर्फ. तरी हा गडी रात्रंदिवस पहाऱ्यावर. काही आठवड्यांत त्यानं बॅटरी पिऊन संपवली. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 50 अंशांच्या आसपास गोठतं, रिकामीतलं उणे सात-आठलाच. आणि आम्ही राहतो अमेरिकेच्या थंडगार उत्तरेत, मिनेसोटात! एप्रिलमध्ये पेटी उघडली तर बॅटरीचं पोट फुगलेलं, कडेला तडा.

तेव्हापासून दर नोव्हेंबरला तिला माहेरी आणतो. आधी काळी वायर काढायची, मग लाल. उलट केलं आणि पाना पत्र्याला टेकला की दिवाळी. मग ते 25 किलोंचं धूड पोटाशी धरून, बर्फावरून एकेक पाऊल टाकत गॅरेजपर्यंत. (लेकीला दवाखान्यातून आणताना मी इतका जपून चाललो नव्हतो, असं बायको म्हणते.)

शेजारचे आजोबा म्हणाले, सिमेंटवर ठेवू नकोस, चार्ज जमिनीत उतरतो. ही भीती जुन्या रबरी डब्यांच्या काळातली. आताच्या प्लॅस्टिकला फरशीचं काही होत नाही. मला ठाऊक होतं. तरी पाट दिला. पाटावर बॅटरी, टर्मिनलना व्हॅसलीनचं बोट, बाजूला चार्जरचा मंद हिरवा दिवा.

"पाट गणपतीचा आहे," बायको एवढंच म्हणाली.

खरा जीव गुंतलाय तो सांगलीच्या बाबांचा. लोडशेडिंगच्या वर्षांत घरच्या इन्व्हर्टरचं पाणी तेच बघायचे, टॉर्च दातांत धरून. आता फोनवरून बघतात. "प्लेटा बुडाल्यात ना? नळाचं घालू नकोस. आणि चार्जिंग झाल्यावरच घाल, नाहीतर उतू जाईल." दर रविवारी चार्जर काढून, काही तास थांबून व्होल्ट मोजायचे आणि सांगलीला कळवायचे. 12.6 आले की पास.

जानेवारीत मी फ्लूनं आडवा होतो. रविवारी फोन आलाच.

"आवाज का बसलाय रे?"

"ताप आहे, बाबा. काल 102 होता."

"अरे अरे. झोपून राहा. किती आले?"

"12.6."

"मग बरं आहे," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.