सर, तेवढं सोन्याचं सांगा की!

१ फेब्रुवारीला सकाळी अकरा वाजता दिल्लीत अर्थमंत्री बोलायला उभ्या राहतात आणि सव्वाअकराच्या सुमारास बेळगावात माझा फोन वाजतो. "सर, संध्याकाळी बजेटवर बोलायचं हं. लोकं गोळा करूलोय." अहो, बजेट अजून संपायचंय, म्हटलं तर "होय की, पण तुम्हाला आधीच ठाऊक असणार!" वर अट : "सोपं बोला. आकडे तेवढे नकोत." बजेटवर आकड्यांशिवाय बोलायचं म्हणजे दुधाशिवाय कुंदा आटवायचा. तरी मी हो म्हणतो.

कॉलेजात होतो तेव्हा नुसता 'इकॉनॉमिक्सचे सर' होतो. निवृत्त झालो आणि पत्रिकेवर 'ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ' छापून येऊ लागलं. येळ्ळूर, कडोली, उचगावपासून खानापूर, निपाणीपर्यंत माईक गाजवला. (वर्गात हजेरी असायची, त्यामुळे श्रोते जागचे हलत नसत. ती सोय आता गेली.) सूत्रसंचालक हमखास मला "आपल्या सीमाभागाचे पालखीवाला" म्हणतो. नामवंत कायदेपंडित नानी पालखीवालांचं बजेटवरचं भाषण ऐकायला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. माझ्यापुढे मंगल कार्यालयाचा अर्धा हॉल, त्यातही पुढच्या रांगा मान्यवरांसाठी राखीव म्हणून रिकाम्या. मी शरमेनं मान खाली घालतो, लोकांना तो विनय वाटतो.

मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. प्रास्ताविकात १९५६ ची राज्य पुनर्रचना येतेच, आणि यावीच, आमच्याकडे तो विषय शिळा होत नाही. पण ती सुरू झाली की माझा पाऊण तास वितळायला लागतो. मी वित्तीय तुटीपर्यंत पोचतो न पोचतो तोच वहीचं पान फाडून केलेली चिठ्ठी समोर येते : 'सर, ५ मि. जेवण गार होतंय.'

मानधनाबद्दल तक्रार नाही. रिझर्व्ह बँकेनं महागाईचं लक्ष्य ४ टक्के धरलंय, दोन टक्के वरखाली चालतात. माझं पाकीट मात्र पहिल्या व्याख्यानापासून तेवढंच आहे. किमती इतक्या स्थिर ठेवणं कुठल्या रिझर्व्ह बँकेला जमणार?

खरा घाम फुटतो तो प्रश्नोत्तरांत. पहिला प्रश्न ठरलेला : "सर, ते बजेट राहू दे. सोनं आत्ता घेऊ की थांबू? तेवढं सांगा की!" हे मला कळत असतं तर मी एसटीनं उभा राहून आलो असतो का, असं ओठांवर येतं. मी जागतिक अनिश्चिततेवर दोन वाक्यं बोलून सुटका करून घेतो.

गेल्या खेपेला दुसरा प्रश्न आला, "सोसायटी बँकेपेक्षा जास्त व्याज देऊलीय. पैसे ठेवू काय?" याचं उत्तर मात्र पक्कं आहे. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्था, सोसायट्यांतल्या ठेवीला तो नसतो. अडचण एवढीच, की मला मघाशी शाल घालणारे अध्यक्ष एका सोसायटीचे चेअरमन होते. शाल सावरत उत्तर दिलं. ते हसले, पण माझ्या बाजूची पाण्याची बाटली त्यांनी आपल्याकडे ओढून घेतली.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक सूनबाई उठल्या. "सर, माझी नणंद तिकडं महाराष्ट्रात, चंदगडला दिलीय. तिला लाडक्या बहिणीचे १५०० मिळतात. इकडं कर्नाटकात गृहलक्ष्मीचे २००० येतात, पण घरच्या कर्त्या बाईला, म्हणजे आमच्या सासूबाईंना. आईला दोन हजार, लेकीला दीड हजार आणि सुनेला भोपळा! हे कुठल्या राज्याचं बजेट म्हणायचं?"

सगळ्या संध्याकाळीत अर्थशास्त्राचा म्हणावा असा हा एकच प्रश्न, आणि तो माझ्याकडून आलेला नव्हता. आमची सर्वेक्षणं बहुतेक कुटुंब धरून होतात, कुटुंबात आलेला पैसा पुढे कुणाच्या बटव्यात अडकतो ते त्यांत दिसत नाही, असं मी सांगू लागलो. तोच दोन खुर्च्या सोडून एक आजी उभ्या राहिल्या. "त्या दोन हजारांत किराणा कोण भरतंय, तेही विचारा की तिला!"

आभार मानणाऱ्यानं झडप घालून माईक धरला, पण ऐकतंय कोण! अर्धा हॉल सुनेच्या बाजूनं, अर्धा सासूच्या. त्या गदारोळात चेअरमन माझ्या कानाशी आले. "सर, ह्या आजींचं खातं कुठल्या बँकेत असेल हो?"