पहिला पिकअप १९२५ चा? ‘पहिला’ म्हणजे नेमका कशातला?

जुन्या अमेरिकी गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: १५ एप्रिल १९२५ रोजी हेन्री फोर्ड यांनी जगातला पहिला पिकअप ट्रक बाजारात आणला, त्याआधी अमेरिकी शेतकऱ्याजवळ घोडागाडीखेरीज दुसरे साधन नव्हते, फोर्ड यांनीही तोवर मालवाहू गाड्यांचा विचार केलेला नव्हता, आणि शेव्हरलेटने मागाहून त्यांची नक्कल केली. यातली तारीख खरी आहे. बाकीचे एकेक करून तपासावे लागेल.

त्या तारखेला जी गाडी आली तिचे नाव ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ असे लांबलचक होते आणि त्या नावातच तिची सगळी रचना सांगितलेली आहे. फोर्डच्या मॉडेल टी या मोटारीची नेहमीची दोन माणसांची आवृत्ती म्हणजे रनअबाउट, तिच्या पाठीमागच्या झाकणाच्या जागी सुमारे ५६ इंच लांबीचा पोलादी हौदा, खालीवर करता येणारा फाळका, मागे अधिक दणकट पाटे आणि पुढे तेच २० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन. साधी रनअबाउट २६० डॉलरला मिळत होती, ही २८१ डॉलरला. म्हणजे हौद्यासह वरचा खर्च अवघा २१ डॉलर. पहिल्याच वर्षी अशा सुमारे ३४ हजार गाड्या तयार झाल्या. एवढ्या संख्येने आणि एवढ्या स्वस्तात कोणी हौद्याची गाडी विकली नव्हती, हे श्रेय फोर्डकडून काढून घेण्याचे कारण नाही.

मात्र स्वतः कंपनी या गाडीचे वर्णन करताना ‘कारखान्यातच जोडून तयार झालेला पहिला पिकअप’ असे शब्द वापरते. मजकूर पुढे पाठवता पाठवता त्यातले ‘कारखान्यातच जोडून तयार झालेला’ हे विशेषण गळून पडले आणि ‘पहिला पिकअप’ तेवढा उरला. सगळा घोळ या गळतीतून झाला आहे.

हे विशेषण इतके महत्त्वाचे का, हे मराठी वाचकाला फार समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे महामार्गावर नुसते बॉनेट आणि उघडी चासी घेऊन, तोंडाला फडके गुंडाळून निघालेला चालक अनेकांनी पाहिलेला असतो. कारखाना चासी देई आणि केबिन व हौदा बॉडी बिल्डरकडे चढे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या अमेरिकेत हाच रिवाज होता. ओहायो राज्यातल्या गॅलियन गावची गॅलियन ऑलस्टील बॉडी कंपनी १९१३ मध्येच फोर्डच्या मॉडेल टी चासीवर माल वाहण्याचे हौदे बसवून देत होती. म्हणजे मॉडेल टीच्या पाठीवर हौदा चढण्याची सुरुवात १९२५ च्या बारा वर्षे आधीची आहे. १९२५ मध्ये बदलले ते एवढेच, की सुताराच्या किंवा पत्रेवाल्याच्या दाराशी न जाता गिऱ्हाइकाला एकाच दरपत्रकावर पूर्ण गाडी मिळू लागली.

याच कारणाने जुन्या छायाचित्रांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी सावध राहिले पाहिजे. १९१८ च्या गाडीवर हौदा दिसला म्हणून तो १९१८ चाच असतो असे नाही, कारण तो दहा वर्षांनीही चढवलेला असू शकतो. इंजिनाचा क्रमांक इंजिनाचे वय सांगतो, हौद्याचे सांगत नाही. त्या काळच्या दरपत्रकात दिलेली किंमत नुसत्या चासीची आहे की पूर्ण गाडीची, हे पाहणे छायाचित्रापेक्षा जास्त भरवशाचे ठरते.

घोडागाडीचे विधान तर टिकतच नाही. शेतीची अवजारे बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९०७ मध्ये ‘ऑटो बग्गी’ काढली आणि पुढच्या दोन वर्षांत तिच्यावरूनच मालासाठी ‘ऑटो वॅगन’ तयार केली. हवेने थंड होणारे दोन सिलिंडरचे इंजिन आणि चाकोऱ्या पडलेल्या कच्च्या रस्त्यांवरून जाण्यासाठी उंच चाके, अशी ती गाडी मुख्यतः खेड्यातल्या गिऱ्हाइकासाठीच होती. शिवाय जुन्या मोटारीचा मागचा भाग काढून तिचा ट्रक करून देणारे तयार संचही मिळत. शिकागोच्या ‘स्मिथ फॉर्म-अ-ट्रक’चे नाव त्यात ठळक आहे.

फोर्ड यांना मालवाहतुकीत रस नव्हता, हे म्हणणे तर गमतीचे आहे. फोर्ड मोटर कंपनी स्थापन होण्यापूर्वी ते ज्या डेट्रॉइट ऑटोमोबाइल कंपनीत होते, तिने जानेवारी १९०० मध्ये लोकांपुढे आणलेली पहिली गाडी माल पोहोचवणारी व्हॅनच होती. पुढे १९१७ मध्ये फोर्डने ‘मॉडेल टीटी’ ही एक टनी गाडी काढली. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर मॉडेल टीच्या १०० इंचांवरून तिच्यात १२४ इंच केलेले होते, किंमत ६०० डॉलर होती आणि ती अर्थातच नुसत्या चासीची होती. १९२४ मध्ये तर या टनी गाडीला कंपनीने स्वतःची केबिन आणि हौदाही देऊ केला. ती जड वर्गातली गाडी म्हणून तिला पिकअप म्हणायचे नाही असे कोणी म्हणेल, आणि ते मान्यही करता येईल. पण मग ‘पहिला’ हा किताब किती बारीक व्याख्येवर उभा आहे तेही कबूल करावे लागेल.

राहिला नकलेचा आरोप. शेव्हरलेटने १९१८ च्या मालिकेत दोन मालवाहू चासी विकायला ठेवल्या होत्या: मोटारीवरूनच बेतलेली अर्ध्या टनाची ‘फोर-नाइंटी’, ५९५ डॉलरला, आणि दुसरी एक टनाची. दोन्ही पुढच्या पत्र्यापुरत्याच. केबिन आणि हौदा गिऱ्हाइकाने करून घ्यायचा. पूर्ण जोडलेला अर्ध्या टनी पिकअप शेव्हरलेटने फोर्डच्या मागाहून विकला, एवढ्यापुरते मजकुराचे म्हणणे बरोबर आहे. त्यासाठी १९३० मध्ये शेव्हरलेटची मालक असलेल्या जनरल मोटर्सने काय केले, तर हौदे आणि बॉड्या बनवणाऱ्या मार्टिन-पॅरी कंपनीचा इंडियानापोलिसमधला कारखानाच विकत घेतला.