किल्ला फुकट का दाखवता?

साताऱ्यात तुमचा वाडा असेल तर आधी अभिनंदन, मग सांत्वन. अभिनंदन जागेचं. सांत्वन यासाठी, की तीन पिढ्या तुम्ही अख्ख्या गल्लीला अजिंक्यतारा फुकट दाखवत आलात. घर दुमजली, त्यावर उतरतं कौल आणि कौलाच्या वर थेट किल्ल्याचा कडा. भाजी घेऊन निघालेली बाई, क्लासला पळणारं पोरगं, पत्ता विचारणारा पाहुणा, सगळे मान वर करून बघतात आणि दमडी देत नाहीत. किती दिवस चालवून घ्यायचं?

पहिलं काम भाऊबंद एकत्र करण्याचं. अवघड म्हणतात ते एवढंच, पुढचं सगळं बिल्डर करतो. मिळकत पत्रिकेवर आजोबांखाली जी नावं चढली असतील, त्यातल्या पुण्यातल्या नावांना जपून हाताळा. वाड्यासाठी गहिवरतात ती तीच. जो इथं राहतो, पावसाआधी कौलं चाळतो आणि रात्री दोनला माजघरात गळक्याखाली पातेलं ठेवतो, तो कधीच सहीला तयार असतो. त्याला मी नावं ठेवणार नाही. पातेलं मीही ठेवलंय.

आता किल्ला कसा घ्यायचा ते. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये इथं वेढा घातला. सुरुंग पेरले, तट उडवला, तर तट कोसळला त्याच्याच फौजेवर. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी त्याला एप्रिल १७०० पर्यंत झुलवलं. शेवटी किल्ला हाती आला, त्याने नावही बदलून आझमतारा केलं, पण मराठ्यांनी तो पुन्हा जिंकला आणि आपण अजिंक्यतारा म्हणायला मोकळे झालो. बादशहाचं चुकलं कुठं? त्याच्याकडे दारूगोळा होता, मजले चढवायला लागणारा एफएसआय नव्हता. तुम्ही वर दगडाला हात लावू नका, गडावर जाऊही नका. खाली पेठेत सात स्लॅब टाका. गल्लीपुरता किल्ला पडला.

कायदेशीर बाजूची काळजी नको. २०२० साली आलेली एकत्रीकृत बांधकाम नियमावली मुंबई वगळून जवळपास सगळ्या राज्याला लागू आहे. रस्ता जितका रुंद, तितकं बांधकाम जास्त. रुंदी टेपने मोजता येते. रस्त्याच्या टोकाला काय दिसतं, ते कुठल्या टेपने मोजणार?

बिल्डर तुम्हाला ‘मिक्स यूज’ म्हणून काही समजावेल: खाली दुकानं, मध्ये दवाखाना आणि क्लासेस, वर फ्लॅट. हे परदेशातून आलंय असा चेहरा करून ऐका. तुमच्या पणजोबांचं किराण्याचं दुकान वाड्याच्या पुढच्या पडवीतच होतं आणि ते वरच झोपायचे, हे बोलायचं नाही. बैठकीत उगाच अवघडल्यासारखं होतं. शिवाय त्यांचं दुकान लाकडी फळ्यांचं, पुढे ओटा. दुकान बंद झालं तरी ओट्यावर माणसं असायची. आता पत्र्याची शटरं येतील आणि शटरांच्या मधल्या फटीतून गाड्या आत-बाहेर करतील. ओटा म्हणजे वाया गेलेलं पार्किंग, हे एकदा मनात पक्कं करा.

वाडा पाडताना सागवानी खांब, महिरप आणि दिंडी दरवाजा नीट उतरवून घ्या. गिऱ्हाईक येतं. पुढे कधीतरी महाबळेश्वरच्या वाटेवर एखाद्या हॉटेलात ‘पारंपरिक थाळी’ खायला बसाल, तेव्हा हात पुसता पुसता खांबाकडे बघून मुलांना सांगा, हा आपला. बिलात सूट मागू नका.

दर्शनी भागात कंजूषी नको. काळा दगड, भाजकी वीट, चुना हे सगळं साताऱ्याच्या डोंगराशी इतकं मिळतंजुळतं, की इमारत उठून दिसतच नाही. निळी काच घ्या, तिच्या कडेने चकचकीत पत्रे मारा. पश्चिमेच्या उन्हात आत भट्टी पेटली की प्रत्येक जण एसी बसवेल, त्यांची खोकी काचेबाहेर लटकतील आणि त्यांचं पाणी खालच्या पेढेवाल्याच्या बोर्डावर ठिबकेल. गच्चीवर काळ्या टाक्या, टाक्यांवर मोबाईलचा मनोरा. कुणी कुरकुर केली तर अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याकडे बोट दाखवा. अर्थात तो अजून दिसत असेल तर.

इतिहासाची बूज राखायलाच हवी. म्हणून नावात ‘फोर्ट’ टाका, पुढे ‘व्ह्यू’, मग ‘हाइट्स’. प्रवेशद्वारावर फायबरची महिरप बसवा. खरी नुकतीच विकलीत, तेव्हा माप हाताशी आहेच.

आता विक्री. गल्लीत वाटला जाणारा किल्ला गोळा होऊन पाचव्या ते सातव्या मजल्यावर आलाय, त्याचे प्रति चौरस फूट जास्त पैसे लावा. आमच्या आजी पडवीत बसून यवतेश्वराकडे बघायच्या आणि डोंगर पुसला गेला की ओरडायच्या, “वाळवण आत घ्या गं, आला!” ही सोय आता फक्त वरच्या मजल्यांना मिळणार. खालच्यांनी मोबाईलवर बघावं.

आणि वाड्याच्या बदल्यात तुम्हालाच सातव्यावरचा फ्लॅट मिळाला असेल, तर दक्षिणेला कुणाचा वाडा आहे ते विचारत बसू नका. त्यांचेही भाऊबंद आहेत, त्यांचंही कौल गळतं आणि हा लेख तेही वाचतायत. त्यांचा आठवा स्लॅब पडला की ब्रोशरमधलं किल्ल्याचं पान कापून फ्रेम करा आणि त्याच खिडकीशेजारी लावा. खिडकी मात्र बंद ठेवा. समोरचं स्वयंपाकघर हाताच्या अंतरावर आलेलं असेल, आणि त्यांना तुमचा टीव्ही दिसतो अशी त्यांची आधीच तक्रार असेल.