साडेचार फुटांचा हौदा

मार्च लागला की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. काटोलच्या सासुरवाडीहून येणारी मृगबहाराची संत्री आणि कूलरवरून होणारं भांडण. आमचा कूलर वर्षातले आठ महिने नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या माळ्यावर राहतो आणि उन्हाळ्यापुरता मनीषनगरच्या फ्लॅटवर येतो. लोखंडी पत्र्याचा, अठरा इंची पंख्याचा, पार घोड्यासकट सव्वाचार फूट. मागल्या वर्षी तो आमच्या लहान कारच्या मागच्या सीटवर आडवा कोंबला होता. त्याच्या गंजक्या कोपऱ्यानं सीट अशी फाडली की अजून तिथं बसणाऱ्याच्या पॅन्टला फटीत अडकलेलं कूलरचं गवत चिकटून येतं. पाहुणे काही बोलत नाहीत, उतरल्यावर गुपचूप झटकतात.

म्हणून यंदा मी पिकअप घ्यायचं मनावर घेतलं. पण ट्रकसारखी थडथडणारी नाही, कारवर बेतलेली. साध्या पिकअपच्या खाली शिडीसारखी जाडजूड चासी असते आणि वर बॉडी ठेवलेली असते. हिचं तसं नाही. कारसारखंच एकसंध अंग, फक्त डिक्कीच्या जागी उघडा हौदा. म्हणून वजन थोडं कमी पेलते, पण खड्ड्यात मणके मोजायला लावत नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डनं १९३४ साली अशी कारवर बेतलेली हौद्याची गाडी काढली. म्हणतात, एका शेतकऱ्याच्या बायकोनं कंपनीला पत्र लिहिलं होतं की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. आपल्याकडे रविवारी लग्न आणि सोमवारी कळमना मार्केट. फरक तो काय!

मी फोर्डचीच मॅव्हरिक नावाची गाडी निवडली. लांबी पाच मीटरच्या जरा वर, हौदा साडेचार फूट, साधारण ६८० किलो वजन नेते. आकडे पाठ झाले. पण बायको आकड्यांना भुलत नाही. "आधी पार्किंगमध्ये मावते का ते पाहा," म्हणाली.

भाचा आला होता. कूलरला मारायचा चंदेरी ऑइल पेंट घरात होताच. टेप धरून आम्ही पार्किंगच्या फरशीवर पूर्ण मापाची गाडी काढली. आत सीटा, मागे हौदा. काढता काढता लक्षात आलं की गाडीची शेपटी सेक्रेटरींच्या स्कूटरवर अर्धा फूट चढते आहे.

खालच्या मजल्यावरचे भाऊ आले. "काहून जी, अ‍ॅक्सिडंट झाला का इथं? पोलीस असंच आखतेत."

समजावून सांगितल्यावर त्यांनाच हुरूप आला. त्यांनी स्वतःचा कूलर ओढत आणून हौद्यात आडवा टाकला. बसला! तीन बोटं जागा उरली. मी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं.

"आणि संत्र्याच्या पेट्या?"

"त्या मागच्या सीटवर."

"आणि आत्याबाई?"

आत्याबाई काटोलहून संत्र्यांसोबतच येतात, हे मी विसरलो होतो. हौद्यात माणूस बसवता येत नाही, आणि आत्याबाईंना तर नाहीच नाही.

मग बायकोनं हिशेब मांडला. कूलरचे दोन दिवस, संत्र्यांचा एक. वर्षाचे उरलेले ३६२ दिवस त्या हौद्यात काय ठेवायचं? सीताबर्डीवर गाडी लावून भाजी आणायला गेलो तर आतला कांदा कोण राखणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प बसलो आणि तीच एकाएकी थांबली. फरशीवरच्या त्या चंदेरी चौकटीकडे बघत राहिली.

"अहो, यात कुरडया वाळतील."

आमच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. नागपूरचं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन डोक्यावर असताना माझ्या बायकोला कुरडया पंख्याखाली वाळवाव्या लागतात, हे तिचं दहा वर्षांचं दुःख. "म्हणजे ऊन सरकलं की गाडी सरकवायची! कावळ्यांसाठी वरून जाळी लावू." अर्ध्या तासात तिनं सांडगे, पापड, तिखट, गव्हाचा चीक, सगळ्यांचे दिवस लावले. रंगसुद्धा पांढरा ठरला, म्हणजे तापणार कमी.

तेवढ्यात भाच्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "मामा, ही गाडी भारतात मिळतच नाही. फोर्डनं तर इथलं गाड्या बनवणंच २०२१ मध्ये बंद करायचं ठरवलं. इथं मिळतात त्या हायलक्स आणि व्ही-क्रॉस, दोन्ही शिडीच्या चासीवाल्या. आणि हिच्यापेक्षा लांब."

म्हणजे शेपटी थेट सेक्रेटरींच्या स्कूटरवरून पलीकडच्या तुळशीत. मला फार वाईट वाटलं नाही, खरं सांगतो. बायको मात्र त्या रात्री जेवली नाही.

कूलर शेवटी छोट्या हत्तीतून आला. आत्याबाई बसनं आल्या. ऑइल पेंट निघत नाही. एप्रिलपासून सकाळचं तिरपं ऊन आत येतं तेव्हा त्या चौकटीत जुनं लुगडं अंथरलेलं असतं, वर कुरडया, आणि काठी घेऊन वॉचमन. परवा नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागली: पार्किंग क्रमांक सातमधील वाहन तीन आठवड्यांपासून हललेले नाही, मालकाने खुलासा करावा.