झिंग्यांच्या टाकीत अंडं टाकायला कोणी सांगितलं?

परवा सकाळी साडेसहाला भाच्याचा फोन. "मामा, पाणी दुधावानी झालं अन् झिंगे उताणे पडले. काहून?" रात्री काय टाकलंस विचारलं, तर उकडलेल्या अंड्याचा अर्धा बलक. दिग्रसजवळचं खेडं, टिनाची खोली, 20 लिटरची काचेची टाकी आणि नागपूरहून पिशवीत आणलेले 15 चेरी श्रिंप, म्हणजे शोभेचे बारके लाल झिंगे. नऊ गेले.

मग त्यानं तो मेसेज पाठवला. तोच, जो मला आधी दोन ग्रुपांवर आला होता आणि मी न वाचता पुसला होता. "श्रिंपला रोज प्रोटीन द्या. अंड्याचा बलक, सोयाबीनची ढेप. 15 दिवसांत दुप्पट वाढ, रंग लालभडक. रक्तासाठी टाकीत तांब्याचा तुकडा ठेवा. कात दिसली की लगेच काढा."

अंड्यापासूनच सुरू करतो, कारण मारलं त्यानंच. एका बलकात साधारण पावणेतीन ग्रॅम प्रथिन असतं. प्रथिनाच्या वजनात सुमारे 16 टक्के नत्र. खाद्याच्या पोत्यावरचा प्रोटीनचा आकडासुद्धा नत्र मोजून, त्याला 6.25 नं गुणूनच काढतात. म्हणजे अर्ध्या बलकात 200 मिलिग्रॅमच्या वर नत्र. अडीच-तीन सेंटीमीटरचे 15 जीव त्यातलं खातील किती? उरलेलं कुजतं, नत्राचा अमोनिया होतो. सगळं कुजलं तर 20 लिटरच्या टाकीत लिटरमागे 10 मिलिग्रॅम, आणि अमोनियाच्या चाचणीत आपल्याला बघायचं असतं शून्य. पाणी गरम आणि जास्त पीएचचं (अल्कधर्मी) असेल तर त्यातला विषारी वाटा आणखी वाढतो.

अर्थात एवढं सगळं एका रात्रीत कुजत नाही. पहिल्या रात्री घात करतो तो प्राणवायू. बलक पाण्यात विरघळल्यासारखा पसरतो, त्यावर जिवाणू माजतात (तेच ते दुधावानी पाणी) आणि श्वासाचा प्राणवायू तेच ओढून घेतात. 30 अंशांच्या पाण्यात तो मुळात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच मावतो. त्यात रात्री दीड वाजता लाइन गेली, हवेचा पंप बंद. झालं.

"पण मामा, हॅचरीत, झिंग्यांची पिल्लं काढतात तिथं, अंडं देतात म्हणे." देतात. मान्य करावंच लागतं. एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्यांच्या शेतीची 2002 सालची पुस्तिका आहे, तिच्यात अंड्याचं कस्टर्ड आहे. पण कोणासाठी? निमखाऱ्या पाण्यात तरंगणाऱ्या त्यांच्या अळ्यांसाठी, जिथे पाणी बदलायला आणि तळ साफ करायला माणसं असतात. चेरी श्रिंपला अशी तरंगती अवस्थाच नाही. पिल्लू अंड्यातून निघतं तेच आईची बारीक नक्कल होऊन, आणि पहिल्या दिवसापासून काचेवरची, पानावरची बुळबुळ खरवडत बसतं. एकाचं औषध दुसऱ्याला!

सोयाबीनची ढेप (पेंड) पाण्यात पडली की पीठ होऊन खड्यांत जाते, बाकी गोष्ट अंड्याचीच. घरी सरकीची ढेप होती आणि पोरानं ती टाकली नाही, हे नशीब. तिच्यात गॉसिपॉल नावाचं सरकीतलं विषारी द्रव्य असतं.

तांब्याचं तर हसावं की रडावं. झिंग्याच्या रक्तात तांबं असतं हे खरं, पण लागतं तेवढं खाण्यातूनच मिळतं. पाण्यात उतरलेलं तांबं त्यांना विषच. संत्र्यावर बोर्डो मारणाऱ्या कोणालाही विचारा, त्यातल्या मोरचुदाचं, म्हणजे तांब्याचंच, पाणी नाल्यात सोडाल का?

रंग प्रथिनानं येत नाही. तो शेवाळातल्या, पानांतल्या रंगद्रव्यांतून येतो. आणि कात काढायची नाही. झिंगे ती स्वतः खातात, त्यातला चुना त्यांना परत मिळतो.

प्रथिन लागतच नाही असं मी म्हणत नाही. पिल्लं वाढताना, मादी अंड्यावर असताना लागतं. आठवड्यातून एकदा-दोनदा, श्रिंपच्या खाद्याची डाळीएवढी गोळी, दोन-तीन तासांत उरलेलं बाहेर. नाहीतर परसातला शेवगा आहेच. त्याच्या पाल्यात भाजीपाल्याच्या मानानं प्रथिन चांगलं, फक्त पाला उकळत्या पाण्यातून काढून दोन-चार पानंच टाकायची. वावराच्या धुऱ्यावरचा पाला मात्र नाही. कपाशीवर मारलेली फवारणी त्यावर उडालेली असते आणि किडीला मारणारं औषध झिंग्याला सोडत नाही.

भाच्याला त्या सकाळी निम्मं पाणी बदलायला लावलं, भरून ठेवलेल्या, टाकीएवढ्याच कोमट पाण्यानं. चार दिवस खायला काहीच नाही म्हटल्यावर त्याची आई मागून म्हणाली, "उपाशी मरतीन न बापा!" नाही मरत. उरलेल्या सहांत एक मादी पोटाशी अंडी घेऊन आहे. पिल्लं निघायला तीन-चार आठवडे लागतील, तोवर मागच्या काचेवरचं हिरवं पुसायचं नाही, एवढं त्याला दोनदा सांगून ठेवलंय.