महागडं कर्ज, तेही दुसऱ्याच्या नावावर

खासगी भांडवलातून रुग्णालय बांधलं की सरकारी तिजोरीवर ताण येत नाही, हे तुमच्याकडच्या लेखातलं विधान पटलं नाही. ब्रिटनमध्ये १९९२ साली पीएफआय (प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह, म्हणजे खासगी पैशातून सरकारी इमारती उभारायची योजना) आलं तेही असंच काहीसं सांगत. कंपनीने कर्ज काढून इमारत उभारायची, सरकारी आरोग्यसेवेने पंचवीस-तीस वर्षं हप्ते भरायचे. सरकारला कर्ज स्वस्त मिळतं, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? तर सरकारच्या कर्जाच्या खात्यात आकडा दिसू नये म्हणून! जोखीम म्हणे कंपनीची. जानेवारी २०१८मध्ये कॅरिलियन ही बांधकाम कंपनी बुडाली आणि ती बांधत असलेलं लिव्हरपूलचं अर्धवट रुग्णालय सरकारी पैशातूनच पुरं करावं लागलं. ते उघडलं २०२२मध्ये. तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री हॅमंड यांनी २०१८च्या अर्थसंकल्पात असे नवे करार थांबवले खरे. जुन्यांचे हप्ते अजून चालूच आहेत.